बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं नव्यात आणायचंय? एक लॅन केबल पुरते

विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या दिवाळीत आमच्या घरचा जुना डेस्कटॉप बदलायचं ठरलं. बाबांनी तो बारा वर्षं वापरला होता. आत १८६ जीबी माल होता: फोटो, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, घराची कागदपत्रं स्कॅन केलेली, आणि आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. आजी आता नाही. त्या ओव्या दुसरीकडे कुठेही ठेवलेल्या नव्हत्या, सगळं त्या एका हार्ड डिस्कवर.

बाबांनी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुढे केला. हिशेब केला तर किमान तीन खेपा, आणि प्रत्येक खेपेला दोनदा कॉपी. त्यात जुने पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ सात जीबीचा. म्हणून दोन्ही कॉम्प्युटर सरळ केबलनं एकमेकांना जोडले. तेव्हापासून शेजारीपाजारी पाच-सहा घरांत हेच काम केलं आहे. लोक जिथे अडकतात त्या जागा आता पाठ झाल्या आहेत, त्या डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहितो आहे. दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ आहे असं धरलं आहे. विंडोज ७ असलं तरी जमतं, फक्त खिडक्यांची नावं थोडी वेगळी दिसतील.

एक आधीच सांगतो. केबल लावणं दोन मिनिटांचं काम आहे. घोडं पेंड खातं ते पुढे, पत्ता, नेटवर्कचा प्रकार आणि पासवर्ड या तीन ठिकाणी. तिथे घाई करू नका.

केबल कोणती घ्यायची

दुकानात ‘लॅन केबल’ म्हणा (राउटरला लावतात तीच), कॅट-५ई किंवा कॅट-६, दोन-तीन मीटर, दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तयार केबल. दोन्ही प्रकार सेकंदाला १ गिगाबिट वेग देतात आणि १०० मीटरपर्यंत तो टिकतो, तेव्हा घरातल्या घरात महागड्या केबलला पैसे घालवू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर गावातलं कुठलंही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालेल.

‘दोन कॉम्प्युटर थेट जोडायला क्रॉसओव्हर केबलच लागते’ असं कुणीतरी जाणकार हमखास सांगतो. एके काळी ते खरं होतं. जुन्या १० आणि १०० मेगाबिटच्या कार्डांत १ आणि २ नंबरच्या पिना बोलायच्या, ३ आणि ६ ऐकायच्या. साधी केबल लावली की दोन तोंडं समोरासमोर आणि दोन कान समोरासमोर, मग कोण कुणाचं ऐकणार? म्हणून एका टोकाला जोड्या उलट बसवलेली केबल लागायची. गिगाबिटच्या पोर्टांना हा फरक आपोआप कळतो आणि ते आतल्या आत अदलाबदल करून घेतात. त्यामुळे गेल्या दहा-पंधरा वर्षांतली यंत्रं असतील तर साधी केबल बिनधास्त लावा. हातातली केबल कोणती हे बघायचं असेल तर दोन्ही प्लग एकाच बाजूनं धरून आतल्या तारांचे रंग बघा. क्रम सारखा असेल तर साधी. एकीकडे सुरुवातीला पांढरी-नारिंगी आणि दुसरीकडे पांढरी-हिरवी दिसली तर क्रॉसओव्हर, आणि नव्या यंत्रांना तीही चालते.

नव्या पातळ लॅपटॉपना लॅनचं भोकच नसतं. त्यासाठी यूएसबीतून लॅन करणारा छोटा अडॅप्टर मिळतो. घेताना यूएसबी ३ आणि गिगाबिट असं दोन्ही लिहिलेलं बघून घ्या.

यूएसबीची दोन्ही टोकं चपटी-चौकोनी असलेली साधी वायर मात्र दोन कॉम्प्युटरमध्ये कधीही लावू नका. दोन्ही बाजूंनी ५ व्होल्ट सोडले जातात आणि पोर्ट जळू शकतं. फाइली तर जाणारच नाहीत.

सुरुवातीची तयारी

जुन्या कॉम्प्युटरवर कुठे काय आहे ते कागदावर लिहून काढा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह, प्रत्येकाचा आकार. मग नव्यात तेवढी जागा आहे का बघा. दोन्हीकडे पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून झाकण उघडं ठेवा. रात्री कॉपी लावून झोपायचं आणि सकाळी बघावं तर मशीन वीस मिनिटांतच झोपी गेलेलं, हा अनुभव मी घेतला आहे.

आता केबल जोडा. प्लगची प्लॅस्टिकची जीभ आत बसताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला नाही तर प्लग बसलेला नाही. जीभ तुटलेली असेल तर ती केबल बाजूला ठेवा, कारण कुणी टेबल हलवलं तरी ती सुटते. बसवल्यावर पोर्टाजवळचे बारीक दिवे बघा. एक स्थिर लागतो, दुसरा लुकलुकतो. दोन्हीकडे अंधार असेल तर दुसरी केबल लावून पाहा.

पत्ता देणं

एरवी घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ओळखायचा आकडा (आयपी अ‍ॅड्रेस), वाटायचं काम राउटर करतो. इथे राउटरच नाही. दोन्ही कॉम्प्युटर थोडा वेळ वाट बघतात आणि मग स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. तेवढ्यावरही कधीकधी काम भागतं, पण तो पत्ता कधी बदलेल याचा भरवसा नाही, म्हणून मी स्वतः पत्ता देतो. पाच मिनिटं जातात आणि पुढचा तासाभराचा वैताग वाचतो.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एन, सी, पी, ए, मग टिंब, मग सी, पी, एल असं लिहून एंटर मारा. नेटवर्कच्या कार्डांची जुनी खिडकी उघडते. नव्या सेटिंग्जमधूनही पत्ता देता येतो, पण तिथे काही रकाने रिकामे सोडले की ती अडून बसते, म्हणून मला ही जुनी खिडकीच आवडते. ‘इथरनेट’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, यादीतल्या ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ वर डबल क्लिक करा आणि ‘यूज द फॉलोइंग आयपी अ‍ॅड्रेस’ निवडा.

जुन्या कॉम्प्युटरवर पत्ता १९२.१६८.५०.१ आणि नव्यावर १९२.१६८.५०.२ लिहा. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे सोडा. मी इथे आकडे देवनागरीत लिहिले आहेत, तुम्ही टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरा.

हे आकडे कसले? पहिले तीन गट म्हणजे वाडा, शेवटचा आकडा म्हणजे खोली. दोन्ही खोल्या एकाच वाड्यात हव्यात आणि खोलीचा नंबर वेगळा हवा. ५० घेण्यालाही कारण आहे. घरातले राउटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वापरतात, जिओचे १९२.१६८.२९ वापरतात. वायफाय चालू असताना केबललाही तोच वाडा दिला, तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं याचा कॉम्प्युटरला घोळ होतो.

नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा

नव्या जोडणीला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणतं आणि तिला ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या फुकटच्या वायफायसारखं. अशा ठिकाणी तो दारं बंद ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण आपली केबल आपल्याच घरात आहे. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असं जाऊन ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. हे दोन्हीकडे करा. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेटखालची ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही बटणं चालू करा.

वैतागून पुष्कळजण इथे फायरवॉलच, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरीच, बंद करून टाकतात आणि नंतर ती सुरू करायला विसरतात. तशी गरज पडत नाही. वेगळा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते. तिथेही या जोडणीला घरचं नेटवर्क म्हणून मान्यता द्या.

आता जोडणी तपासू. विंडोजचं बटण आणि आर दाबून सी, एम, डी लिहा. काळी खिडकी उघडेल. नव्या कॉम्प्युटरवरून ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत लिहा, जागा सोडून जुन्याचा पत्ता लिहा, एंटर. चार वेळा ‘रिप्लाय फ्रॉम’ आलं आणि शेवटी वेळ मिलिसेकंदात दिसला की मोठं काम झालं. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर केबल किंवा पत्ता चुकला आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर बहुतेक वेळा केबल चांगली असते, समोरची फायरवॉल गप्प बसलेली असते. या दोन संदेशांतला फरक लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या संदेशावर केबल बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

पासवर्डचा पेच

जितक्या घरी गेलो तितक्या घरी माशी शिंकली ती इथेच. नवा कॉम्प्युटर जुन्याचं दार वाजवतो, जुना नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि माणूस रोजचा चार आकडी पिन टाकतो. तो चालत नाही. पिन फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो, केबलवरून खरा पासवर्डच लागतो. बाबांच्या खात्याला तर पासवर्डच नव्हता, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ‘पासवर्डशिवाय शेअर करा’ हा जुना सोपा मार्गही विंडोज ११ च्या २०२४ नंतरच्या आवृत्त्यांत बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

माझा उपाय म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर या कामापुरतं वेगळं खातं उघडायचं. सेटिंग्ज, अकाउंट्स, मग ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ किंवा ‘अदर यूजर्स’, तिथे नवं खातं जोडा. तो ईमेल मागेल. ‘माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही’ अशा अर्थाची ओळ निवडा आणि पुढच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडा’ हा पर्याय घ्या. मी खात्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवतो, इंग्रजी लहान अक्षरांत. देवनागरी नाव किंवा पासवर्ड ठेवू नका, लॉगिनच्या चौकटीत कीबोर्डची भाषा बदलताना घोटाळा होतो. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

आता जुन्यावरच हवा तो फोल्डर निवडा, राइट क्लिक, ‘गिव्ह अ‍ॅक्सेस टू’, ‘स्पेसिफिक पीपल’. यादीतून पाहुणा जोडा आणि त्याला ‘रीड’ एवढाच अधिकार द्या. ‘रीड-राइट’ देऊ नका. जुन्यानं फक्त दाखवायचं आणि नव्यानं ओढून घ्यायचं, ही दिशा मी मुद्दाम पाळतो. अशा वेळी नव्यावर बसून चुकून डिलीट दाबलं तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. आजीच्या ओव्यांची एकच प्रत असताना मला दुसरी कुठलीही पद्धत मनाला पटली नसती.

नव्या कॉम्प्युटरवर परत विंडोजचं बटण आणि आर, आणि लिहा: \\१९२.१६८.५०.१ . त्या दोन तिरक्या रेघा एंटरच्या वरच्या किंवा शेजारच्या कळेवर असतात. प्रश्नचिन्हाच्या कळेवरची रेघ उलट्या बाजूला कललेली असते, ती नव्हे. चौकट आली की यूजरच्या जागी आधी जुन्याचा पत्ता, मग एक तिरकी रेघ, मग पाहुणा असं लिहा, म्हणजे कुठल्या यंत्रावरचा पाहुणा हे नक्की होतं. पासवर्ड टाका. फोल्डर दिसायला हवेत. डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्ससारखा फोल्डर शेअर केला असेल तर तो ‘यूजर्स’ नावाच्या फोल्डरच्या आत सापडतो, दिसला नाही म्हणून घाबरू नका.

कॉपी आणि तिचा वेग

सगळा ड्राइव्ह एकदम उचलू नका. एकेक मोठा फोल्डर घ्या, झाला की कागदावर खूण करा. मध्येच तुटलं तर कुठून सुरू करायचं हे कळतं. काळ्या खिडकीची सवय असेल तर विंडोजमध्येच असलेला ‘रोबोकॉपी’ वापरा. तुटलेलं काम पुन्हा लावलं की तो झालेल्या फाइली वगळून पुढे जातो.

गिगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, जुनी हार्ड डिस्क तेवढं वाचू शकली तर. १०० मेगाबिटवर साधारण ११ एमबी. बाबांच्या मदरबोर्डवरचं लॅन १०० मेगाबिटचंच होतं. १८६ जीबीला पावणेपाच तास लागणार होते, म्हणून जेवणं झाल्यावर रात्री साडेनऊला लावलं. हजारो बारक्या फाइलींचा फोल्डर मात्र नेहमीच रेंगाळतो. प्रत्येक फाइल उघडायची आणि बंद करायची, त्यातच वेळ जातो.

दोन्ही यंत्रं गिगाबिटची असूनही वेग ११ वर अडकला तर इथरनेटच्या ‘स्टेटस’मध्ये जाऊन वेग वाचा. तिथे १०० एमबीपीएस दिसलं तर बहुधा केबल दोषी असते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिट चारांवर भागवतं. एखादी तार प्लगमध्ये नीट बसलेली नसेल तर जोडणी निमूटपणे खालच्या वेगावर उतरते. शेजारच्या काकांकडे असंच झालं होतं. त्यांची केबल डोळ्यांना उत्तम दिसत होती. दुसरी लावली आणि तिथल्या तिथे १.० जीबीपीएस दिसलं.

आणखी एक अडचण मराठी नावांची. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांसकट पूर्ण रस्ता बहुतेक वेळा २६० अक्षरांत बसावा लागतो, आणि मोजताना काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. ‘दिवाळी’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, विंडोजला सहा. त्यामुळे फोल्डरात फोल्डर आणि त्यात लांबलचक मराठी नावं असतील तर ‘पाथ टू लाँग’ म्हणून कॉपी अडते. नव्या यंत्रावर सी ड्राइव्हच्या थेट खाली छोट्या नावाचा फोल्डर करून त्यात उतरवा.

मराठी फाइलींचे फाँट विसरू नका

हे सहसा कुणी सांगत नाही आणि नुकसान इथेच होतं. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) रुळण्याआधीचं मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फाँटांत केलेलं असतं. तो फाँट नव्या कॉम्प्युटरवर नसेल तर वर्डची फाइल उघडते, पण आत मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खराब झाली असं वाटून लोक ती टाकून देतात. फाइल शाबूत असते, फक्त तिची अक्षरं मागे राहिलेली असतात. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या फोल्डरात ‘फाँट्स’ आहे. त्यातले मराठी फाँट वेगळ्या फोल्डरात कॉपी करून तोही शेअर करा. नव्यावर प्रत्येकावर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा. बाबांनी २००६ साली टाइप केलेली कुळाची वंशावळ अशीच परत वाचता आली.

टॅलीचा डेटा असेल तर टॅली दोन्हीकडे बंद करूनच तो फोल्डर उचला. ब्राउझरमधले बुकमार्क त्याच्या मेनूतून फाइल करून घ्या.

विंडोज एक्सपी असेल तर

तिथे केबलचा नाद सोडा. एक्सपीला फाइल शेअरिंगची सर्वात जुनी पद्धतच येते, आणि नव्या विंडोजमध्ये ती मुद्दाम काढून ठेवलेली असते. ती परत चालू करण्याच्या युक्त्या सापडतात, पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच पद्धतीतल्या भोकातून. त्यापेक्षा हार्ड डिस्क बाहेर काढा आणि यूएसबीच्या अडॅप्टरनं नव्याला जोडा. अगदी जुनी रुंद पट्टीच्या केबलची डिस्क असेल तर तसा अडॅप्टर मागून घ्या.

नवा कॉम्प्युटर मॅक असेल तर फाइंडरच्या ‘गो’ मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. तिथे इंग्रजीत एस, एम, बी, मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा (इथे मात्र प्रश्नचिन्हाच्या कळेवरच्या) आणि जुन्याचा पत्ता लिहा. पत्त्यांचे आकडे आणि जुन्यावरचं सगळं काम तेच.

काम झाल्यावर

दोन्हीकडे तोच फोल्डर निवडून प्रॉपर्टीज उघडा. फाइलींची संख्या आणि ‘साइझ’समोरचा बाइट्समधला आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवा. ‘साइझ ऑन डिस्क’ वेगळा असू शकतो, तो बघू नका. मग प्रत्येक फोल्डरातल्या दोन-चार फाइली खरोखर उघडून बघा. सकाळी चहाच्या वेळी मी पहिली फाइल लावली ती ओव्यांची. आजीच्या आवाजाआधी जात्याची घरघर येते, ती आली. बाबा कप हातात धरून शेवटपर्यंत ऐकत उभे होते.

जुन्या यंत्रावरचं काही लगेच पुसू नका. नव्यातली एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाईपर्यंत तरी नाहीच.

मग आवराआवर. जुन्यावरचं पाहुणा हे खातं काढून टाका आणि फोल्डरांचं शेअरिंग बंद करा. स्लीपची सेटिंग पूर्ववत करा. आणि त्याच जुन्या खिडकीत जाऊन पत्ता परत ‘ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली’वर आणा, दोन्ही कॉम्प्युटरवर. हे राहिलं की महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी राउटरची केबल त्याच पोर्टात लावतं, दिवे लागतात, पण इंटरनेट येत नाही, आणि केबलवाल्याला उगाच बोलावणं जातं.